लेसर उपचार आणि तात्पुरती अंधुकता

गंगेच्या पूर्व तीरावरील रामनगरचा बनारसी विणकर असो वा येवल्याचा पैठणी कारागीर, दृष्टी हेच त्याचे भांडवल होय. मधुमेहात दृष्टिपटलावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढल्यास रक्तस्राव होऊन अंधत्व येऊ शकते. लेसर उपचारात दृष्टिपटलाच्या कडेच्या भागावर शेकडो सूक्ष्म डाग दिले जातात. परिणामी तेथील प्राणवायूची गरज घटते आणि नव्या रक्तवाहिन्या आक्रसतात.

उपचारानंतर डोळे दिपतात. दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज आल्यास काही दिवस वा आठवडे अंधुक दिसते. ही अंधुकता बहुधा तात्पुरती असते. काहींची रात्रीची व कडेची दृष्टी मात्र कायमची घटते. अचानक काळे ठिपके वा पडदा दिसल्यास त्वरित तपासणी आवश्यक ठरते.

अर्थशास्त्रीय प्रश्न येथेच उद्भवतो. बुडालेली मजुरी दिसते. टळलेले अंधत्व दिसत नाही. त्यामुळे रुग्ण उपचाराचे पुढील टप्पे टाळतो. १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा भर दीर्घकाळ मोतीबिंदूवर राहिला. पुढे दृष्टिपटलाच्या मधुमेहजन्य विकाराचाही त्यात समावेश झाला. हा उपचार दृष्टी वाढविण्यासाठी नसून टिकविण्यासाठी आहे, हे रुग्णाला आधीच समजावून सांगणे ही या कार्यक्रमातील सर्वांत अल्पखर्चिक गुंतवणूक होय.