शेवटची बाकी

नंदुरबारच्या शाळेंतील मुलाला दोन संख्यांचा महत्तम साधारण विभाजक, म्हणजेच मसावि, काढावयास सांगितला, तर तो प्रथम त्यांचे अवयव पाडूं लागतो. १२ व १८ यांचा मसावि ६, हें पाहतांच कळतें. परंतु २२१ व १९५ या संख्या पुढें आल्या म्हणजे २२१ चे अवयव कोणते, येथेंच गाडें अडतें.

या अडचणीवरील रीति खानदेशास नवी नाहीं. नंदुरबार जिल्हा १९९८ सालीं धुळें जिल्ह्यांतून निराळा झाला. त्याच खानदेशांत, चाळीसगांवाजवळ, पाटण हें स्थान आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें तेथें मठ स्थापिल्याचें इ. स. १२०७ चा शिलालेख सांगतो. त्यांच्या ‘लीलावती’ (इ. स. ११५०) या ग्रंथांतील कुट्टक प्रकरणांत ती रीति आहे, आणि वरील दोन संख्याहि तेथल्याच एका उदाहरणांतल्या आहेत.

मोठ्या संख्येस लहान संख्येनें भागावें. जी बाकी उरेल तिनें मागच्या भाजकास भागावें. निःशेष भाग जाईपर्यंत हाच क्रम ठेवावा. २२१ ला १९५ नें भागतां बाकी २६. १९५ ला २६ नें भागतां बाकी १३. आणि १३ नें २६ ला पूर्ण भाग जातो. म्हणून मसावि १३. याचें कारण सोपें आहे. जी संख्या २२१ व १९५ या दोहोंस भागते, ती त्यांच्या वजाबाकीस, म्हणजे २६ लाहि, भागतेच; उलट १९५ व २६ यांस भागणारी संख्या त्यांच्या बेरजेसहि भागते. संख्या लहान होत जातात, साधारण विभाजक मात्र तेच राहतात. ग्रीक गणिती युक्लिड यानेंहि इ. स. पूर्वीं ३०० च्या सुमारास हीच रीति सांगितली होती.

भास्कराचार्यांचा प्रश्न असा: २२१ ला कोणत्या पूर्ण संख्येनें गुणून त्यांत ६५ मिळविले असतां १९५ नें निःशेष भाग जाईल? तिन्ही संख्यांस १३ नें भागतां १७, ५ व १५ उरतात. १७ ला ५ नें गुणून ५ मिळविले कीं ९० होतात, व त्यांस १५ नें पूर्ण भाग जातो. म्हणून उत्तर ५. परंतु ६५ च्या जागीं ६६ असते तर? ६६ ला १३ नें भाग जात नाहीं. तेव्हां जन्मभर शोधूनहि तो गुणक सांपडणार नाहीं. अशा प्रश्नास भास्कराचार्य ‘दुष्ट’ म्हणतात. श्रमाचें फळ मिळणार कीं नाहीं, हें ती शेवटची बाकी आरंभींच सांगून ठेवते.