बिलात न येणारे इंधन

विठ्ठलवाडीतील एका चार मजली इमारतीत चौघांचे कुटुंब राहते असे समजू. महावितरणचे बिल महिना 120 युनिटांचे येते आणि 14.2 किलोचा गॅसचा सिलिंडर महिनाभर पुरतो. यात माणशी ऊर्जा किती? चारांनी भागले की झाले, असे वाटणे साहजिक आहे; परंतु हिशेबाची खरी सुरुवात तेथून होते.

प्रथम सर्व इंधनांना एकच माप लावले पाहिजे. एक हजार वॉटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. किलोभर गॅसपासून सुमारे 13 युनिटांइतकी उष्णता मिळते. म्हणजे सिलिंडरात 180 युनिटांहून थोडी अधिक. तेव्हा रोज माणशी वीज 1 युनिट, गॅस दीड. दिव्यांवरून घरोघर वाद होतात, शेगडी मात्र सुटते!

पण वीज येते कोठून? एके काळी जवळच ठाकुर्लीला रेल्वेचे वीजघर कोळशावर चाले. ते केव्हाच बंद झाले. आता राज्यातील पुष्कळशी वीज चंद्रपूर, कोराडी अशा दूरच्या औष्णिक केंद्रांत तयार होते. तेथे कोळशातील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशच विजेत उतरते. उरलेली थंड करण्याच्या पाण्यात आणि धुराड्यातून जाते. म्हणून कोळशाच्या विजेचे मीटरवरील 1 युनिट हे खाणीच्या हिशेबात जवळजवळ 3 धरावे. पाण्याची किंवा उन्हाची वीज मिसळेल तसा हा आकडा उतरतो. तथापि गॅस मोठा आणि वीज लहान, हा मघाचा क्रम येथे उलटा होतो.

आंघोळीचे उदाहरण घ्या. वीस लिटर पाणी 25 अंशांवरून 40 अंशांवर नेण्यास 0.35 युनिट लागते. तेच पाणी चौथ्या मजल्यावर चढवण्यास, पंपाचा अपव्यय धरूनही, याच्या शंभराव्या भागाहून कमी वीज पुरते. गीझर सोडून जिन्यातल्या पंपाला दोष देणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

राहिली वस्तूंतील ऊर्जा. एक किलो ॲल्युमिनियम गाळण्यास 14 युनिटांच्या आसपास वीज लागते. असे किलोभराचे पातेले 14 वर्षे टिकले, तर वर्षाला एक युनिट मांडावे. दोन वर्षांत टाकले तर सात. पातेले मोडीत जाऊन पुन्हा वितळले, तर सुमारे विसावा भागच ऊर्जा लागते, आणि नव्या मालकाच्या खाती तेवढीच घालायची.