ट्रॅक्टर खोलताय? आधी इंजिनाला आधार द्या!

वैशाखाचे ऊन तापलेले असते, नांगरट उरकत आलेली असते आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टरचा क्लच घसरू लागतो. ट्रॉली भरून चढाला लागलात की इंजिन नुसते ओरडते, चाक काही फिरत नाही. जळक्या प्लेटीचा वास नाकात जातो. तालुक्याच्या मिस्त्रीकडे निरोप धाडावा, तर तो म्हणतो, "आठ दिवस हात रिकामा नाही." मृग तर तोंडावर आलेला. मग घरातलाच एखादा तरणा पोरगा पाने बाहेर काढतो अन् म्हणतो, "त्यात काय एवढं, दादा? आपणच खोलू की!"

शेतकरी बंधूंनो, पोराचे म्हणणे अगदीच खोटे नाही. बोल्ट सोडणे, प्लेट बदलणे ही कामे हात चालणाऱ्या माणसाला जमतात. पण शेवटचा बोल्ट सुटला की ते धूड कशावर उभे राहणार, याचा विचार बहुतेक जण तो सुटल्यावर करतात. पस्तीस-चाळीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे वजन साधारण १७०० ते २००० किलो भरते. त्याचा अर्धा भाग जरी कलला, तरी चार माणसांच्या हातांनी तो सावरत नाही.

ट्रॅक्टरला चॅसी नसते

ट्रकचे किंवा जीपचे इंजिन चॅसीवर बसवलेले असते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना अशी चॅसीच नसते. इंजिन, क्लचची पेटी, गिअर बॉक्स आणि मागचा धुरा ही ओतीव लोखंडाची घरे एकमेकांना बोल्टांनी जोडलेली असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा. हेन्री फोर्डच्या फोर्डसन ट्रॅक्टरने १९१७ पासून ही पद्धत जगभर नेली, ती अजून चालू आहे. तेव्हा क्लच बदलायचा म्हणजे हा कणाच मधोमध सोडवायचा. मागचा भाग दोन मोठ्या चाकांवर राहतो, पण त्याचे नाक पुढे खाली झुकू पाहते. पुढच्या भागात इंजिनाची मागची बाजू जमिनीकडे येऊ पाहते.

त्याहून मोठा धोका दिसतच नाही. पुढचा अॅक्सल मध्यावर एकाच पिनेवर झुलता असतो. चाक बांधावर चढले तरी ट्रॅक्टर वाकडा होत नाही, तो या पिनेमुळेच. ट्रॅक्टर जोडलेला असतो तोवर मागची चाके त्याचा तोल धरतात. तो सुटला की सगळे इंजिन त्या एका पिनेवर डुलू लागते आणि कुशीवर आडवे होऊ शकते. म्हणून एकही बोल्ट सोडण्याआधी अॅक्सल आणि त्यावरचे ओतीव घर यांच्यामधल्या फटीत दोन्ही बाजूंनी कठीण लाकडाच्या पाचरी घट्ट ठोकाव्यात. दहा मिनिटांचे काम, पण विसरले की जिवावर बेतते.

जॅक उचलायला, ठोकळा धरायला

हायड्रॉलिक जॅक तेलाच्या दाबावर उभा असतो. आतले सील झिजले की तो हळूहळू खाली बसतो, कधी एकदमही बसतो. त्यावर 'दोन टन' लिहिले आहे म्हणून रात्रभर त्याच्या भरवशावर इंजिन ठेवू नये. जॅकने उचलावे आणि लगेच खाली लोखंडी घोडी किंवा बाभळीचे ठोकळे द्यावेत. ठोकळे एकावर एक उभे रचू नका. दोन आडवे, त्यावर दोन उभे अशी चौकट रचा, म्हणजे ती सरकत नाही. विटा, सिमेंटचे पोकळ ब्लॉक, बांधावरचे दगड हे सारे वर्ज्य. लाकूड दबताना करकरते, सूचना देते. वीट न सांगता फुटते.

जागाही पक्की हवी. फरशी किंवा काँक्रीट नसेल तर जॅकखाली आणि घोडीखाली जाड फळी घाला, नाही तर मुरमात पाय रुततो. मागच्या चाकांना पुढून-मागून मोठे ठोकळे लावा. पुढे जादा वजने लावलेली असतील तर ती काढा. बॅटरीची वायर, डिझेलचे पाइप, स्टिअरिंगचे आणि थ्रॉटलचे दांडे आधी सोडवून घ्या. एखादी वायर राहिली तरी भाग ओढताना तोल जातो.

अनेक गावांत लिंबाच्या फांदीला चेन पुली टांगून इंजिन उचलतात. फांदी किती वजन पेलेल, हे मोडल्याशिवाय कळत नाही. पुली वापरायची तर लोखंडी तिकाटण्याला टांगा आणि त्याचे तिन्ही पाय साखळीने एकमेकांना बांधा, म्हणजे ते फाकत नाहीत.

जीप खोलणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. गिअर बॉक्स उतरवला की इंजिनाचा मागचा आधार जातो आणि ते मागे झुकते. घाईत तेलाच्या चेंबरखाली नुसता जॅक लावतात. हे चेंबर पत्र्याचे असते. ते आत दबले, तर तेल ओढणारी जाळी झाकली जाते, इंजिनाला तेल पोचत नाही आणि बेअरिंगे खलास. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला! शक्यतो पुलीने वरून धरावे. खालूनच द्यायचे तर रुंद, जाड फळी घालून चेंबरच्या कडेवर भार द्यावा.

पुन्हा जोडताना

खरे अपघात जोडताना होतात, कारण तोवर माणूस थकलेला असतो. सोडतानाच समोरासमोरचे दोन बोल्ट काढून त्या जागी त्याच आट्यांचे दोन लांब स्टड बसवले, तर दोन्ही भाग सरळ रेषेत मागेपुढे सरकतात. भाग अडला तर बोल्ट आवळून ओढू नका. प्लेट वाकते, नाही तर घराचा कान तुटतो. फ्लायव्हील हाताने थोडे फिरवा, उंची पुन्हा जुळवा. आणि भोक जुळले का, हे बोट घालून कधीही पाहू नका. त्यासाठी सळई आहे.

काम दिवसाउजेडी करावे. हुकूम एकानेच द्यावा, पोरेबाळे लांब ठेवावीत, धोतराचा सोगा आणि खांद्यावरचा टॉवेल घरी ठेवावा. कोणताही भाग नुसत्या जॅकवर असताना त्याखाली हात, पाय, डोके काही घालू नये.

घोडी नसेल, पाचरी नसतील, सोबतीला जाणते माणूस नसेल, तर सरळ मिस्त्रीची वाट पाहा. आठ दिवस शेजाऱ्याचे औत मागून पेरणी निभावते. प्लेट दुकानात मिळते, पेरणी चार दिवस लांबली तरी चालते. ट्रॅक्टरखाली गेलेला हात मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाही.