अक्कलदाढ काढायची आहे? घाबरू नका, पण टाळूही नका

अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते. जबड्यात जागा असेल तर ती मुकाट्याने येते. जागा नसेल तर आडवी होते, अर्धी हिरडीखाली अडकते. तिथे अन्न साचते, हिरडी सुजते, तोंड उघडेनासे होते. बारावीच्या वर्गात गालाला हात लावून बसलेली मुले आम्ही दरवर्षी पाहतो. घरी विचारले तर उत्तर ठरलेले: मेडिकलवरून गोळी आणली, लवंग धरली, बरे वाटले. महिन्याभराने गाल पुन्हा सुजतो, आणि नेमका परीक्षेच्या किंवा निकाहाच्या तोंडावर.

दाढ काढण्यापेक्षा हे टाळत राहणेच जास्त त्रासाचे आहे.

प्रत्येक दाढ काढावी लागते का?

नाही. सरळ आलेली, न दुखणारी, ब्रश किंवा मिस्वाक पोहोचेल अशी दाढ राहू द्यावी. ब्रिटनमध्येही २००० सालापासून निरोगी अक्कलदाढ उगाच काढू नये, असाच सरकारी सल्ला आहे. मात्र वारंवार सूज, पू, कीड किंवा शेजारच्या दाढेला धक्का असेल तर काढलेली बरी. एक्स-रे पाहून डॉक्टर ते ठरवतात. दाढ फारच आडवी असेल तर दोंडाईचाहून धुळ्याला जावे लागू शकते. तिथे दंत महाविद्यालय आहे.

वरची दाढ काढली की नजर कमी होते, हा समज घरोघरी आहे. तो खोटा आहे. दाढेचा आणि नजरेचा काही संबंध नाही.

डॉक्टरांपासून काही लपवू नका

शुगर, बीपी, दमा, हृदयविकार, रक्त पातळ करणारी गोळी, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी, गरोदरपण, सगळे आधी सांगा. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. तंबाखू, गुटखा, मशेरीची सवयही सांगा. सुनेने सासूसमोर आणि मुलाने बापासमोर लाजू नये. तंबाखू-सुपारीने तोंड आखडले असेल तर डॉक्टरांना ते आधी कळायला हवे.

फक्त जागेवर भूल देणार असतील तर उपाशी जाऊ नका, नाश्ता करून जा. सोबत घरचे कोणी असू द्या.

खुर्चीवर काय होते?

सुई टोचल्याचे दुखते, तेवढेच. मग ओठ आणि जीभ जड होते. दाढ अडकलेली असेल तर हिरडीला छोटा छेद देतात, थोडे हाड बाजूला करतात, कधी दाढेचे तुकडे करून काढतात आणि टाके घालतात. दाब जाणवतो, आवाज येतो, पण दुखायला नको. दुखले तर हात वर करा. भूल वाढवता येते.

पहिले २४ तास

कापसाचा बोळा सुमारे एक तास घट्ट चावून धरा. थुंकू नका, जोरात चूळ भरू नका, स्ट्रॉने पिऊ नका. खड्ड्यात रक्ताची गाठ बसते. तीच जखमेचे झाकण असते. ती निघाली तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत कळ जाते. बिडी-सिगारेटने हेच होते. गालावर बाहेरून बर्फ कापडात गुंडाळून धरा. गरम शेक नको. भूल उतरेपर्यंत खाऊ नका, नाहीतर गाल चावला जातो.

वुजू, नमाज, रोजा

वुजूत कुल्ली सुन्नत आहे, फर्ज नाही. त्या दिवशी तोंडात पाणी घेऊन अलगद सोडून द्या, खळखळवू नका. सजद्यात रक्त वाढत असेल तर बसून इशाऱ्याने नमाज अदा करण्याची सवलत आहे. रक्त वाहिल्यास हनफी मसलकात वुजू तुटते, शाफईत तुटत नाही. रमजानमध्ये शक्यतो तारीख पुढे ढकला, कारण रक्त घशाखाली गेले तर रोजा जातो. दुखणे सहन होत नसेल तर थांबू नका. आजाऱ्याला कजाची सवलत आहे. शंका असेल तर आलिमांना विचारा.

पुढचा आठवडा

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते, मग उतरते. घाबरण्यासारखे त्यात काही नाही. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हळू गुळण्या करा. मऊ खिचडी, दलिया, केळी, दही, गार झालेली यखनी चालेल. आपला मिरचीचा मुलूख, पण ठेचा, शेव आणि कडक भाकरी आठवडाभर दूर ठेवा. अँटिबायोटिक दिले असेल तर बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. टाके साधारण सातव्या दिवशी काढतात.

रक्त थांबत नसेल, ताप आला, तीन दिवसांनंतर सूज वाढू लागली किंवा दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल तर डॉक्टरांना फोन करा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर रात्र असली तरी सरळ रुग्णालय गाठा.

मुलांना आम्ही एवढेच सांगतो: दुखते हे घरी सांगायला लाजू नका. आणि आई-वडिलांना विनंती: तिसऱ्यांदा गोळी आणण्याआधी एकदा दाढ दाखवून घ्या. इलाज करणेही सुन्नतच आहे. शिफा अल्लाहच्या हाती.