संशोधक मुलांचा रविवार

हैदराबादेत तारनाका ते हबसीगुडा या छोट्याशा पट्ट्यात सीसीएमबी, आयआयसीटी आणि राष्ट्रीय पोषण संस्था अशा तीन मोठ्या संशोधन संस्था आहेत. तिथे पीएचडी करणारी मराठी मुलंमुली आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांना कधी येतात, कधी ऐनवेळी ‘जमत नाही’ म्हणून कळवतात. ‘रविवारी कसली आलीय प्रयोगशाळा?’ असं आपल्यापैकी अनेकांना वाटतं. म्हणून त्यांचा दिवस कसा असतो ते थोडक्यात सांगतो.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचं वेळापत्रक बऱ्याच अंशी पेशी ठरवतात. माणसाच्या किंवा प्राण्याच्या पेशी बाटलीत, ३७ अंश सेल्सिअसला आणि साधारण ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या कपाटात वाढवतात. दर दोन-तीन दिवसांनी त्यांचं पोषक द्रव बदलावं लागतं. बाटलीचा तळ भरला की त्या विभागून नव्या बाटल्यांत घालाव्या लागतात. हे वेळेवर झालं नाही तर पेशी मरतात आणि कित्येक आठवड्यांचं काम वाया जातं. जिवाणूंची घाई तर आणखी मोठी. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. तो वाढीच्या नेमक्या टप्प्यावर हवा असेल, तर थोड्या-थोड्या वेळाने द्रवाचा गढूळपणा मोजत बसावं लागतं. त्या दिवशी सण आहे की रविवार, हे जिवाणूला कोण सांगणार?

या कामात वाट पाहणंही खूप असतं. डीएनएच्या प्रती काढणारं पीसीआर यंत्र एकदा लावलं की दीड-दोन तास हाताला काम नसतं. काही चाचण्या रात्रभर थंडीत ठेवाव्या लागतात. या मुलांचे छंद अशा फटींमध्ये बसतात. वाचन, बुद्धिबळ, संध्याकाळचं बॅडमिंटन, पहाटेचं पक्षीनिरीक्षण, खोलीवर तासभर तबला किंवा पेटी. ठरावीक वारी, ठरावीक वेळी जावं लागणारा क्लास मात्र बहुधा सुटतो.

छंद त्यांना चैन म्हणून लागत नाही. प्रयोग महिनोन्महिने फसत राहतात, कारणही सापडत नाही. अशा वेळी एखादा राग बसला किंवा नवा पक्षी दिसला, तर आज काहीतरी जमलं एवढं समाधान घेऊन माणूस झोपतो. घरापासून दूर राहणाऱ्याला त्याचा मोठा आधार असतो.

आणखी एक गैरसमज. ही मुलं ‘अजून शिकतायत’ म्हणजे बेकार नाहीत. सीएसआयआरची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनंतर, काम समाधानकारक असेल तर, ती ४२,००० होते. पीएचडीला पाच-सहा वर्षं सहज लागतात.

मग मंडळ म्हणून आपण काय करावं? तालमींच्या तारखा लवकर कळवाव्यात. या मुलांना एखाद्या दिवशी चुकलं तरी चालेल अशी कामं द्यावीत. गणेशोत्सवात अर्धा तास ठेवून त्यांना आपलं काम मराठीतून सांगायला बोलवावं. आणि भेटल्यावर ‘शिक्षण कधी संपणार?’ याऐवजी ‘सध्या कशावर काम चाललंय?’ एवढं विचारावं. मुलं मग आपणहून बोलतील, आणि जमेल तेव्हा येतीलही.