पुरस्काराआधीची वही

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात काम करणारी माणसे कमी नाहीत. कुणी आरोग्य शिबिरे घेते, कुणी वाचनालय चालवते, कुणी गावच्या पाण्यासाठी कुदळ-फावडे उचलते. मी कविता लिहितो हे ठाऊक असल्याने अशी मंडळी अधूनमधून घरी येतात. "चाचा, तुमची भाषा चांगली आहे, एवढा अनुदानाचा अर्ज लिहून द्या," म्हणतात. मी विचारतो, जमाखर्चाची वही आणली का? बहुधा ती नसते. चांगल्या भाषेने अर्ज देखणा होतो. मंजूर होतो तो वहीमुळे.

मदत, अनुदान आणि पुरस्कार या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की हेलपाटे वाढतात.

मदत ही व्यक्तीला मिळते. उदाहरणार्थ, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ साली ती राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने सुरू झाली. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. पण ही योजना बिनपैशांच्या उपचाराची आहे. आधी खर्च करायचा आणि मग बिल घेऊन पैसे मागायचे, अशी तिची रीत नाही. मान्यताप्राप्त रुग्णालयात दाखल होतानाच आरोग्यमित्राला गाठले पाहिजे. मुंबई-पुण्याच्या मोठ्या धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी १० टक्के आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के खाटा राखीव असतात. हे ठाऊक नसल्याने कित्येकांनी वावर विकले आहे.

अनुदान मिळते ते संस्थेला. त्यासाठी धर्मादाय कार्यालयातील नोंदणी, लेखापरीक्षण, बँकेचे खाते आणि आयकर खात्याकडील नोंद हवी. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातील किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. १ एप्रिल २०१४ पासून ते लागू झाले. मात्र हा पैसा हाती घेऊन काम करणाऱ्या संस्थेला २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडेही नोंदणी करावी लागते. परदेशी पैशाचे नियम त्याहून कडक आहेत. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या आपल्याच भावाने संस्थेला देणगी पाठवायची म्हटली, तरी केंद्रीय गृहमंत्रालयाची परवानगी असावी लागते.

हे नियम काहींना जाच वाटतात. मला तसे वाटत नाही. आमच्याकडे जकात काढताना आधी वर्षाचा हिशेब मांडतात, मग चाळिसावा हिस्सा निघतो. देणाऱ्याने हिशेब करून द्यावे आणि घेणाऱ्याने हिशेब ठेवून वापरावे, यात गैर ते काय?

आता पुरस्कार. तो झालेल्या कामाला मिळतो. २०१८ च्या सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धेत मोताळा तालुक्यातील सिंदखेड गावाने राज्यात विभागून दुसरा क्रमांक मिळवला. साताऱ्याचे टाकेवाडी पहिले आले. त्या स्पर्धेत भाषणाला गुण नव्हते. ऐन उन्हाळ्यातले श्रमदान, शोषखड्डे, रोपवाटिका, पाण्याचा ताळेबंद अशा मोजता येणाऱ्या गोष्टींना ते होते. गाव राबले आणि राबल्याची मोजदादही झाली. बक्षिसाचे पैसे आले नसते तरी अडवलेले पाणी गावातच राहिले असते, हे विसरू नये.

पत्रकारांचेही तेच. राज्य शासनाच्या पत्रकारिता पुरस्कारांत अमरावती विभागासाठी लोकनायक बापूजी अणे यांच्या नावाचा पुरस्कार आहे. त्यासाठी प्रसिद्ध झालेल्या लेखनाची कात्रणे जोडावी लागतात. कुपोषणावर, पाणीटंचाईवर जीव ओतून लिहिणारा तालुक्याचा वार्ताहर कात्रणेच जपत नाही. त्याची बातमी रद्दीत जाते आणि तिच्याबरोबर त्याची संधीही.

एका धोक्याबद्दल मात्र बोललेच पाहिजे. "आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा," असे कळवणारे पुरस्कार हल्ली फार झाले आहेत. शाल, सन्मानचिन्ह, फोटो आणि जेवण, सगळे आपल्याच पैशांचे. जो पुरस्कार पैसे मागतो तो पुरस्कार नसून खरेदी आहे. अनुदान मंजूर करून देतो म्हणत टक्केवारी मागणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवावे.

चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळ येथे नंदकुमार आणि आरती पालवे यांचा सेवासंकल्प हा प्रकल्प आहे. रस्त्यावर भटकणाऱ्या बेवारस मनोरुग्णांना तिथे आसरा मिळतो. अशा घराचा विचार केला की पुरस्काराची मर्यादा कळते. पुरस्कार एकदा येतो, भूक दिवसातून दोनदा लागते आणि औषध रोजच द्यावे लागते. असे काम तगते ते शेजारच्या गावातून येणाऱ्या ज्वारीच्या पोत्यावर, कुणाच्या वाढदिवसाच्या जेवणावर, दरमहा न चुकता येणाऱ्या शंभर-दोनशे रुपयांवर.

म्हणून काम करणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच : आज एक वही घाला. तारीख, काम, किती माणसे आली, किती खर्च झाला, एवढे रोज लिहा आणि पावत्या जपून ठेवा. आणि जे स्वतः काम करत नाहीत त्यांनी टाळ्या वाजवण्यासाठी पुरस्काराची वाट पाहू नये. त्या वहीच्या जमेच्या बाजूला आपले नाव चढेल असे काहीतरी करावे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)