भट्टीतली करंजी

रमजान ईद किंवा दिवाळी चार दिवसांवर आली, की बेकरीच्या दारात गर्दी होते. ही गर्दी पाव घ्यायला आलेल्यांची नसते. कुणाच्या पिशवीत मैदा आणि पिठीसाखर असते, कुणाच्या हातात तुपाचा डबा असतो. सामान आपले, भट्टी बेकरीवाल्याची. पाव भाजून निघाले, की त्याच भट्टीत घरोघरच्या नानखटाया आणि बिस्किटे भाजली जातात. तुम्हीही अम्मीबरोबर अशा रांगेत कधी तरी उभे राहिला असाल.

मी नववीत असताना आमच्या नगरमध्ये अशाच एका रांगेत उभी होते. (नगर म्हणजे अहमदनगर, २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे.) तो १९९९ चा जानेवारी महिना होता. त्या वर्षी ईद ऐन थंडीत आली होती. शेजारच्या खालांबरोबर मीही माझा ट्रे घेऊन गेले होते. त्यांच्या ट्रेमध्ये नानखटाया होत्या, माझ्या ट्रेमध्ये पेरूचे सारण भरलेल्या करंज्या. दोन्ही ट्रे शेजारी शेजारी भट्टीत गेले.

दहा-बारा मिनिटांनी भट्टीच्या तोंडातून धूर येऊ लागला. चाचांनी घाईने ट्रे बाहेर ओढले. माझ्या निम्म्या करंज्या उलल्या होत्या. आतला गोड रस ट्रेवर सांडून काळा पडला होता आणि त्याचा करपट वास खालांच्या सगळ्या नानखटायांना लागला होता. दुसऱ्या दिवशी ईद होती. खाला मला एक शब्दही बोलल्या नाहीत, त्यामुळे मला जास्तच वाईट वाटले. चाचांनी एक फुटकी करंजी मोडून पाहिली आणि विचारले, "पोरी, यात एवढे पाणी कुठून आले?"

प्रश्न साधा आहे. पण फळ भरलेली कोणतीही करंजी नीट होणार की बिघडणार, हे याच प्रश्नावर ठरते. म्हणून आज आपण त्या पाण्याचाच शोध घेऊ.

आपल्याकडची करंजी तुम्ही पाहिली आहे. मैद्याची किंवा रव्याची पातळ पारी, तिच्यात सारण, अर्ध्या चंद्रासारखा आकार आणि काठाला मुरड. उत्तर भारतात तिला गुजिया म्हणतात, गोव्यात नेवरी. गोव्यात गणेशचतुर्थीलाही नेवऱ्या होतात आणि नाताळलाही. समोसा हा तिचा जवळचा नातेवाईक आहे. चौदाव्या शतकात दिल्लीला आलेला प्रवासी इब्न बतूता याने सुलतानाच्या दरबारातील जेवणाचे वर्णन लिहून ठेवले आहे. त्यात खिमा, बदाम, पिस्ते, कांदा आणि मसाले पातळ पोळीत गुंडाळून तुपात तळलेला पदार्थ आहे.

आपली करंजी तळतात. तिचे सारण बहुधा कोरडे असते: सुके खोबरे, खसखस, भाजलेला रवा, पिठीसाखर. ओल्या नारळाचे सारण करायचे असेल, तर तेही आधी गुळात किंवा साखरेत आटवून घ्यावे लागते. याचे कारण उघड आहे. गरम तेलात ओले सारण सांडले, तर तेल उडते आणि हात भाजतो. तळताना करंजी फुटली, की आमच्याकडे बायका म्हणतात, "करंजी हसली." त्या हसण्याने कढईतले सगळे तेल खराब होते.

ताज्या फळाचे सारण असेल, तर करंजी भट्टीत भाजणे सोयीचे. जगात पुष्कळ ठिकाणी असेच करतात. अरब देशांत ईदला 'मामूल' नावाचा पदार्थ भाजतात. त्यात खजुराचे सारण असते. खजूर मुळातच घट्ट आणि कमी पाण्याचे फळ, म्हणून मामूल सहसा फुटत नाही. क्यूबा देशात तर पेरूची घट्ट वडी घालून भाजलेले 'पास्तेलितो' घरोघरी आवडीने खातात. पेरूचे झाड मूळचे अमेरिका खंडातले, तेव्हा यात नवल नाही.

पेरूच्या नावाची एक गंमत सांगते. पोर्तुगीज लोकांनी हे फळ भारतात आणले. त्यांच्या भाषेत 'पेरा' म्हणजे नासपती. त्यावरून मराठीत 'पेरू' शब्द आला. तुम्ही उर्दूत त्याला 'अमरूद' म्हणता. हा शब्द फारसी आहे आणि फारसीत त्याचाही अर्थ नासपती असाच होतो. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांनी नव्या फळाला वेगवेगळ्या वाटेने एकाच जुन्या फळाचे नाव दिले! मराठवाड्यात मात्र पेरूला 'जांब' म्हणतात.

आपल्या जिल्ह्यात राहाता भागातल्या पेरूच्या बागा प्रसिद्ध आहेत. बाजारात 'सरदार' जातीचा पेरू मिळतो, त्याचे दुसरे नाव 'लखनौ-४९'. नाव लखनौचे असले, तरी ही जात १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड येथील फळसंशोधन केंद्रात निवडली गेली. पेरूला पावसाळ्यातही फळे येतात आणि हिवाळ्यातही. पावसाळ्यातला पेरू पाणचट असतो, त्याला फळमाशीचाही त्रास होतो. हिवाळ्यातला पेरू गोड आणि घट्ट असतो. पण कोणताही पेरू एकदा पुरता पिकला, की दोन-तीन दिवसांत मऊ पडतो. संध्याकाळी हातगाडीवर उरलेले मऊ पेरू विक्रेता मिळेल त्या भावाने देऊन टाकतो. त्या दिवशी मी तेच आणले होते. स्वस्त मिळाले म्हणून मी खूश होते.

पहिली चूक तिथेच झाली. ताज्या पेरूच्या वजनातला ८० टक्क्यांहून अधिक भाग पाणीच असतो. मी पेरूच्या फोडी चिरल्या, त्यांवर साखर टाकली आणि तशाच पारीत भरल्या. साखरेचा गुण तुम्हाला माहीत आहे. चिरलेल्या फळावर ती टाकली, की फळातले पाणी बाहेर ओढते. बेकरीपर्यंत जाईपर्यंतच माझ्या करंज्यांत रस साठला होता.

मग ते पाणी काढायचे कसे? पेरूमध्ये पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. साखर आणि आंबटपणा यांच्या सोबतीने तो शिजला, की रस घट्ट धरून ठेवतो. जेली होते ती यामुळेच. पेक्टिन पिकलेल्या पेरूपेक्षा अर्धवट पिकलेल्या पेरूत जास्त असते. म्हणून सारणासाठी पिकलेल्या पेरूंबरोबर दोन-तीन कडक पेरूही घ्यावेत. पेरू चिरून थोड्या पाण्यात मऊ शिजवावेत आणि चाळणीतून गाळावेत. बिया चाळणीवर राहतात. गराच्या निम्मी साखर आणि एका लिंबाचा रस घालून तो जाड बुडाच्या कढईत आटवावा. मंद आच हवी आणि हात सतत फिरता हवा. उलथन्याने कढईच्या तळाशी रेघ ओढून पाहावी. रेघ लगेच मिटली, तर सारण अजून ओले आहे. ती तशीच राहिली, की गॅस बंद करावा. शेवटी चमचाभर भाजलेला रवा किंवा खसखस घातली, तर उरलेला ओलावा तीत शोषला जातो. आटणारा गर फुटाणे उडावेत तसा उडतो, तेव्हा लांब दांड्याचे उलथने वापरा आणि चेहरा कढईवर नेऊ नका.

शिजवल्याने पेरूतले क जीवनसत्त्व काही प्रमाणात नाहीसे होते, हेही सांगायला हवे. ताज्या पेरूत ते संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त असते. म्हणून एक-दोन पेरू तिखटमीठ लावून कच्चेच खावेत. ते काम सांगावे लागत नाही.

आता पारीकडे वळू. पोळीची कणीक आपण भरपूर मळतो. करंजीच्या पिठाला हे चालत नाही. मैद्यातील प्रथिने पाण्यात भिजली, की त्यांचे रबरासारखे ताणणारे जाळे तयार होते. त्याला ग्लुटेन म्हणतात. जितके मळावे तितके ते जाळे मजबूत होते. पोळी लाटताना ते उपयोगी पडते, पण करंजी त्यामुळे चिवट होते. यावर उपाय म्हणजे मोहन. २५० ग्रॅम मैद्यात चिमूटभर मीठ आणि साधारण १०० ग्रॅम थिजलेले तूप घ्यावे. बोटांच्या टोकांनी ते मैद्यात चोळावे, म्हणजे पीठ ब्रेडच्या चुऱ्यासारखे दिसू लागते. तुपाचा थर मैद्याच्या कणांवर बसतो आणि पाणी त्यांच्यापर्यंत पुरते पोचत नाही. जाळे तुटक राहते आणि करंजी खुसखुशीत होते. तुम्ही याला 'खस्ता' म्हणता. मग थंड पाण्याचे चार-पाच चमचे, गोळा जमेल इतकेच, घालावेत. गोळा ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवावा. तळायच्या करंजीत एवढे मोहन घालू नका. ती तेलात विरून जाईल.

तूप थिजलेलेच का हवे? पिठात तुपाचे बारीक कण अखंड राहिले, तर भट्टीत ते वितळतात आणि पिठातल्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली, की ती मूळच्या १६०० पटींहून अधिक जागा व्यापते. ही वाफ पारीचे पापुद्रे एकमेकांपासून सोडवते. तूप आधीच वितळले असेल, तर पापुद्रे सुटत नाहीत. माझी दुसरी चूक इथे होती. मी सारण पुरते निवू दिले नव्हते, घाईघाईत कोमटच भरले होते. पारीतले तूप भट्टीत जायच्या आधीच पाघळले.

थोडक्यात, पिठातली वाफ आपल्याला हवी असते, सारणातली नको असते. सारणात थोडी वाफ होणारच. तिला वाट ठेवली नाही, तर ती स्वतः वाट काढते आणि करंजी हसते. म्हणून भाजायच्या करंजीला वरून काट्याने दोन-तीन भोके पाडतात. तळायच्या करंजीला भोक पाडले, तर तेल आत जाईल. एकीला जे तारक, तेच दुसरीला मारक! मी घरी नेहमी तळणीच्याच करंज्या पाहिल्या होत्या. भोकाचा विचार माझ्या मनातही आला नव्हता.

भरताना पारीच्या मधोमध एकच चमचा सारण घालावे आणि कडेला बोटभर जागा मोकळी सोडावी. कडेला सारण लागले, की ती चिकटत नाही. कडेवरून दुधाचे बोट फिरवून ती दाबावी आणि मुरड घालावी. मुरड येत नसेल, तर काट्याने दाबले तरी चालते. इंग्लंडच्या कॉर्नवॉल भागातल्या पेस्टीची मुरडही अशीच बाजूला असते. तिथले खाणकामगार ती दुपारच्या जेवणाला खाणीत नेत. २०११ मध्ये तिला युरोपात भौगोलिक मानांकनाचे संरक्षण मिळाले. वरून दुधाचा हात फिरवला, की करंजीला सोनेरी रंग येतो.

भट्टीचे तंत्र चाचांनी मला त्याच दिवशी दाखवले. लाकडाच्या भट्टीत आधी जाळ करून विटा तापवतात. नंतर जाळ नसला, तरी विटांतली उष्णता तासन्‌तास राहते. पहिल्या कडक आचेत पाव भाजतात, उतरत्या आचेत नानखटाई. आच कळायला थर्मामीटर नव्हता. चाचा भट्टीच्या तळावर चिमूटभर मैदा टाकत. तो लगेच काळा पडला, तर थांबत. सावकाश तांबूस झाला, की ट्रे आत सरकवत. घरच्या ओव्हनमध्ये १९० अंश सेल्सिअस तापमानाला २० ते २५ मिनिटे लागतात. ओव्हन नसेल, तर जुन्या जाड कढईत दोन बोटे वाळू पसरून तीवर तिवई ठेवावी. झाकण लावून पंधरा मिनिटे तापवावे, मग करंज्यांची ताटली आत ठेवावी. अर्धा तास तरी लागेल. हे काम घरातले मोठे माणूस जवळ असतानाच करा. उकळता साखरेचा पाक कातडीला चिकटून बसतो, त्यामुळे साध्या गरम पाण्यापेक्षा जास्त भाजते.

भाजलेल्या करंज्या जाळीवर निवू द्याव्यात. गरमच डब्यात भरल्या, तर त्यांची वाफ डब्यात पाणी होऊन बसते, आणि मग पाण्यापासून सांभाळायची सगळी मेहनत वाया जाते. नानखटाईसारख्या त्या आठवडाभर टिकत नाहीत. दोन दिवसांत संपवाव्यात.

ईद दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येते. पुढच्या वर्षीही ती जानेवारीतच होती आणि पेरू बाजारात होते. मी पुन्हा ट्रे घेऊन गेले. या वेळी सारण आदल्या रात्रीच आटवून ठेवले होते. खालाही आल्या होत्या. त्यांनी चाचांना हसत सांगितले, "माझा ट्रे हिच्या ट्रेपासून दोन हात लांब ठेवा." चाचांनी तो खरोखरच लांब ठेवला. वीस मिनिटांनी ट्रे बाहेर आले. माझ्या चोवीस करंज्यांपैकी एकच हसली होती. ती चाचांनी खाल्ली, आणि बारा मी खालांच्या डब्यात भरल्या.